उपचार संपल्यानंतरची दृष्टी : अल्पदृष्टीच्या रुग्णांसाठी व्यवसायोपचार



वार्षिक अहवालातील बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया व शिबिरे यांचे तक्ते आपण दरवर्षी आस्थेने पाहता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा रकाना त्यात विशेष समाधान देणारा असतो. रुग्ण येतो, शस्त्रक्रिया होते, पट्टी सुटते आणि त्याला दिसू लागते. हिशेब स्वच्छ असतो. परंतु काही रुग्णांसाठी आमच्या तक्त्यात आजवर रकानाच नव्हता. ज्यांच्या केसपेपरवर ‘यापुढे औषधाने अथवा शस्त्रक्रियेने सुधारणा संभवत नाही’ असा शेरा पडतो, ते हे रुग्ण होत. डॉक्टरांचा शेरा वैद्यकीयदृष्ट्या अचूकच असतो. मात्र आमच्या दप्तरी तेथे खाते बंद होत असे आणि रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद कोठेही होत नसे.

याची जाणीव आम्हांस एका आजींमुळे झाली. ओळख उघड होऊ नये म्हणून तपशील मोघम ठेवतो. जुन्या नाशकातील वाड्यात राहणाऱ्या, साठी उलटलेल्या या आजींचे दृष्टिपटल मधुमेहाने खराब झाले होते. लेझर झाले, डोळ्यांतील इंजेक्शने झाली, चष्म्याचा नंबरही निश्चित झाला. तरी समोरच्याचा चेहरा त्यांना धूसरच दिसे. सोबतचे चिरंजीव म्हणाले, “आईला वाचता येत नाही, एखादे मोठे भिंग मिळेल का?” व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी आजींकडे वळून विचारले, “आजी, तुम्हांला स्वतःला काय करता यायला हवे आहे?” आजी थोड्या थांबल्या व म्हणाल्या, “बुधवारच्या बाजारात भाजीवाल्यापुढे बटवा उघडा धरावा लागतो. ते नको. माझे पैसे मला मोजता आले पाहिजेत.”

भिंगाची मागणी मुलाची होती. आजींची गरज निराळीच होती. अल्पदृष्टीच्या रुग्णांसाठी व्यवसायोपचार म्हणजे काय, हे या एका प्रश्नोत्तरात बरेचसे आले आहे. त्याची सविस्तर माहिती आपणांस व्हावी, हा या लेखाचा हेतू.

अल्पदृष्टी म्हणजे काय?

अल्पदृष्टी म्हणजे अंधत्व नव्हे आणि केवळ ‘चष्म्याचा मोठा नंबर’ही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानुसार शक्य तितका उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा अधिक नसेल आणि ३/६० पर्यंत असेल, अथवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी होऊन १० अंशांपर्यंत आले असेल, तर ती अल्पदृष्टी होय. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, ते वाचण्यास या व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते. दृष्टी ३/६० च्याही खाली गेली, अथवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी झाले, तर कायदा त्यास अंधत्व मानतो.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी व त्यापुढील वयोगटातील अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले व त्यातील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा खात्रीचा उपाय आहे. काचबिंदू, मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार, उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची होणारी झीज, रातांधळेपणापासून सुरू होणारे आनुवंशिक विकार यांत मात्र एकदा गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. पुढील हानी रोखणे हे डॉक्टरांचे काम. उरलेल्या दृष्टीने आयुष्य कसे चालवावे, हा त्यापुढचा प्रश्न.

दृष्टी सर्वांची सारखी जात नाही, हेही ध्यानी घ्यावे. मध्यबिंदू झिजला की नजर जेथे रोखावी नेमके तेथेच दिसत नाही. चेहरा, अक्षर, सुईचे नाक हरवते, परंतु चालताना फारसे अडखळायला होत नाही. काचबिंदूत उलट घडते. नळीतून पाहावे तसे समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. असा गृहस्थ तक्त्यावरील शेवटची ओळ वाचून दाखवतो आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर आदळतो. घरच्यांना ते सोंग वाटते! तिसऱ्या प्रकारात सगळेच गढूळ, फिकट दिसते आणि उन्हात डोळे दिपतात. पक्षाघातानंतर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची एकच बाजू जाते, तो प्रकार आणखी निराळा.

‘व्यवसाय’ या शब्दाविषयी

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ‘व्यवसाय’ म्हटले की आमच्यासमोर नफातोटा पत्रक उभे राहते. येथे मात्र या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. सकाळी दात घासण्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत माणूस ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो, ती सर्व त्याचे ‘व्यवसाय’ होत. चहा करणे, इन्सुलिन घेणे, पोथी वाचणे, नातवाचा चेहरा ओळखणे, बाजारहाट करणे ही कामे पुन्हा करता यावीत म्हणून केलेले उपचार म्हणजे व्यवसायोपचार.

या शास्त्राची आपल्या देशातील सुरुवात महाराष्ट्रात झाली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश होता. अंधजनांसाठी कार्य करणारी राष्ट्रीय संस्था ‘नॅब’ हीदेखील १९५२ चीच. तिच्या महाराष्ट्र शाखेचे मुख्य कार्यालय आपल्या नाशकात आहे.

मूल्यमापन कसे होते?

नेत्ररोगतज्ज्ञ रोगाचे निदान करतात, दृष्टिमापनतज्ज्ञ चष्मा व भिंगाची शक्ती ठरवतात आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ ती दृष्टी प्रत्यक्ष कामात कशी उतरते हे पाहतात. तिघांची कागदपत्रे एकाच फाइलमध्ये असणे अगत्याचे असते.

पहिली पायरी म्हणजे विचारणे. कॅनडातील तज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास तयार केलेली पद्धत यासाठी उपयोगी पडते. करावेसे वाटते पण जमत नाही, अशी कामे रुग्णाने स्वतः सांगावयाची. ती कितपत महत्त्वाची आहेत, आज कितपत जमतात आणि त्यात आपण कितपत समाधानी आहोत, यास १० पैकी गुणही त्यानेच द्यावयाचे. काही महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की प्रगती झाली किंवा नाही ते कळते. हा ताळेबंद रुग्णाच्या हातचा असतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

दुसरी पायरी म्हणजे दृष्टीची कामाच्या अंगाने तपासणी. पांढऱ्यावरील काळे अक्षर वाचता येणे निराळे आणि राखाडी पायरीची राखाडी कड ओळखता येणे निराळे. म्हणून फिकट होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यावर रंगभेदाची क्षमता तपासतात. दृष्टिक्षेत्रात कोठे खळगा आहे, नजर ओळीवरून सरकते की मध्येच सुटते, कोणत्या प्रकाशात वाचन सुधारते, हेही पाहतात. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ मेरी वॉरन यांनी १९९३ मध्ये यासाठी एक उतरंड मांडली. नजरेची तीक्ष्णता, दृष्टिक्षेत्र आणि डोळ्यांची हालचाल हा तिचा पाया. त्यावर लक्ष, शोधक नजर, आकार ओळखणे व स्मरण हे थर. पाया कच्चा असताना वरच्या थरावर मेहनत घेणे व्यर्थ, हा तिचा बोध. पक्षाघाताचा रुग्ण ताटातील डावीकडचे पदार्थ तसेच ठेवतो, तेव्हा डावीकडे त्याला दिसत नाही की डाव्या बाजूची जाणीवच सुटली आहे, हे आधी ठरवावे लागते. पहिल्याला मान वळवण्याची सवय लावता येते. दुसऱ्याला तेथे काही राहिले आहे हेच ठाऊक नसते.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष काम करताना पाहणे. ‘चहा करा’ असे सांगून तज्ज्ञ बाजूला उभ्या राहतात. दूध उतू जाते ते कशामुळे, बर्नर पेटला हे रुग्ण कसे ओळखतो, साखरेचा डबा कोणता हे कसे ठरवतो, याची नोंद होते. शक्य असल्यास घरीही भेट दिली जाते. आमच्या आजींचे माजघर दिवसाही अंधारे होते आणि जिन्याच्या दगडी पायऱ्या झिजून एकसारख्या दिसत होत्या. दवाखान्याच्या लख्ख खोलीत यातील काहीच कळले नसते. हातांची तपासणीही आवश्यक ठरते, कारण दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते व मग स्पर्शाने ओळखण्याच्या युक्त्या तोकड्या पडतात.

एक प्रश्न हलक्या आवाजात विचारावा लागतो : “नसलेली माणसे, फुले, नक्षी असे काही दिसते का?” दृष्टी गेलेल्या काही जणांना अशी दृश्ये दिसतात. स्विस शास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याचे वर्णन केले व आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माहिती कमी मिळू लागली की मेंदू स्वतःच चित्रे रचतो. रुग्णाला बहुधा ती खरी नसल्याचे कळतही असते. परंतु लोक वेडा म्हणतील किंवा बाधा म्हणतील, या भीतीने तो बोलत नाही. डॉक्टरांनी अन्य कारणे नाहीत याची खात्री केल्यावर ‘हा डोळ्यांचा प्रकार आहे, मनाचा आजार नव्हे’ एवढे सांगितले तरी मोठा भार उतरतो.

साहाय्य कोणत्या स्वरूपाचे?

प्रथम प्रकाश. अधिक शक्तीचा दिवा छताला लावण्यापेक्षा, मान वळवता येणारा साधा दिवा कामाजवळ आणावा. दिव्याचे अंतर निम्मे केले की कामावर पडणारा प्रकाश सुमारे चौपट होतो. दिवा खांद्यामागून व चांगल्या डोळ्याच्या बाजूने असावा आणि त्याची झळाळी डोळ्यांत जाऊ नये.

दुसरा रंगभेद. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी आणि पांढऱ्या ओट्यावर पांढरी बशी ही अल्पदृष्टीच्या माणसास दिसेनाशी होते. काळा चहा पांढऱ्या कपात व दूध गडद पेल्यात ओतावे, तांदूळ गडद ताटात आणि उडीद पांढऱ्या ताटात निवडावेत, पायरीच्या कडेवर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. यास खर्च जवळजवळ नाही. मात्र सगळीकडेच पट्ट्या चिकटवल्या तर खूण खूण राहत नाही. जेथे धोका आहे तेथेच त्या असाव्यात.

तिसरे, मोठे करून पाहणे. वस्तू निम्म्या अंतरावर आणली की दुप्पट मोठी दिसते. पुस्तक जवळ धरल्याने डोळे बिघडतात हा समज निराधार आहे. भिंग जितके शक्तिशाली तितके ते जवळ धरावे लागते व एका वेळी कमी अक्षरे दिसतात. २० डायॉप्टरच्या भिंगासाठी कागद ५ सेंटिमीटरवर हवा. हे न शिकवता भिंग हाती दिले की ते आठवड्याभरात कपाटात जाते. हात थरथरत असेल तर पायांवर उभे राहणारे भिंग द्यावे. ओळ सुटत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती कागदावर ठेवावी.

चौथे, नजरेचे शिक्षण. मध्यबिंदू गेलेल्या रुग्णास किंचित बाजूला पाहून दृष्टिपटलाचा शाबूत भाग वापरण्यास शिकवतात. यास आठवडे लागतात व चिकाटी लागते. बाजूचे न दिसणाऱ्यास ठरावीक क्रमाने नजर फिरवण्याची सवय लावतात. छापील ओळीच्या डाव्या कडेला ठळक उभी रेघ ओढली की ‘रेघ दिसेपर्यंत वळायचे’ हा नियम बनतो.

पाचवे, दृष्टीवाचून करण्याच्या रीती. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर आणि रात्रीच्या डबीला दोन असावेत, मोबाइलने मजकूर वाचून दाखवावा. इन्सुलिनबाबत मात्र विशेष दक्षता हवी. आपल्याकडे ४० युनिटच्या सिरिंजचे झाकण लाल व १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते. अंधुक नजरेस हे दोन रंग सारखेच भासतात आणि चूक प्राणावर बेतू शकते. इन्सुलिन पेनचे खटके मोजता येतात, तरी केवळ आवाजावर विसंबू नये. मात्रा घरातील दुसऱ्या कोणी पाहून घ्यावी.

बटव्यातील हिशेब

आता आजींच्या बटव्याकडे वळू. नाशिक रोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून आपल्या शहराची ओळख आहे. पण नोट हातात आल्यावर ती किती रुपयांची, हे अल्पदृष्टीच्या माणसाने कसे ओळखावे याचा विचार आम्ही नाशिककरांनीही क्वचितच केला असेल. नव्या मालिकेतील ५०, १००, २०० व ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे. लांबी अनुक्रमे १३५, १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. म्हणजे २०० व ५०० मध्ये फरक अवघ्या ४ मिलिमीटरचा. त्यात १०० रुपयांची जुनी नोट १५७ मिलिमीटर लांब, म्हणजे आजच्या ५०० च्या नोटेहून मोठी, आणि ती अजूनही चलनात आहे. १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ अशा उठावाच्या खुणा आहेत, परंतु नोट वापरून मऊ झाली की त्या विरतात. नव्या १०, २० व ५० च्या नोटांवर अशी खूण नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी नोट ओळखून सांगणारे ‘मणी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध केले आहे. ते उपयुक्त आहे. पण भर बाजारात एका हातात पिशवी असताना मोबाइल रोखून धरणे आजींना जमण्यासारखे नव्हते.

म्हणून उपाय साधा निघाला. बाजारासाठी निराळा, दोन कप्प्यांचा बटवा. घरून निघताना दिव्याखाली, भिंगाने पाहून त्यात फक्त नव्या मालिकेच्या शंभराच्या व विसाच्या नोटा ठेवावयाच्या. शंभराची घडी आडवी, विसाची उभी. भाजीवाल्याने दिलेली मोड दुसऱ्या कप्प्यात टाकावयाची आणि घरी येऊन दिव्याखाली लावावयाची. बाराकोनी वीस रुपयांचे नाणे बोटांना लगेच कळते, ते हाती आले की जपून ठेवावयाचे. हे सर्व प्रथम रुग्णालयात, मग घरी आणि शेवटी तज्ज्ञ बाईंसमवेत प्रत्यक्ष बाजारात, असे टप्प्याटप्प्याने करून घेतले.

आजींना आजही वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि संध्याकाळनंतर त्या एकट्या बाहेर पडत नाहीत. तक्त्यावरील त्यांची दृष्टी होती तेवढीच आहे. परंतु तीन महिन्यांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा बाजारातील व्यवहाराला त्यांनी स्वतः दिलेला गुण वाढला होता. “आता बटवा मीच उघडते,” एवढेच त्या म्हणाल्या.

कुटुंबीयांसाठी दोन शब्द

दृष्टी गेलेल्या ज्येष्ठांवर प्रेम करणारी मुले-सुना त्यांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेतात. हेतू चांगला असतो, परिणाम नेहमीच चांगला होतो असे नाही. हात रिकामे झाले की मन खचू लागते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मध्यबिंदूची झीज झालेल्या १८८ रुग्णांवर झालेला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञांनी ज्यांच्या घरी जाऊन आवडती कामे पुन्हा सुरू करून दिली, त्यांच्यात चार महिन्यांत नैराश्य उद्भवण्याचे प्रमाण, केवळ धीराचे बोलणे लाभलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. तेव्हा कृपया काम काढून घेऊ नका, ते सुरक्षित करून द्या. खोलीतील सामान न सांगता हलवू नका. वाट दाखवताना हात धरून ओढू नका. आपला दंड त्यांना धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला.

४० टक्के अथवा अधिक दिव्यांगत्व असल्यास शासकीय सवलतींसाठी प्रमाणपत्र व ‘यूडीआयडी’ ओळखपत्र मिळते. अर्ज भरण्यास आमचा समाजसेवा विभाग साहाय्य करतो. रुग्णाची संमती असल्यासच आम्ही हा विषय काढतो, कारण ‘मी काही आंधळा नाही’ असे म्हणणाऱ्याचे म्हणणेही खरेच असते.

आमचा संकल्प

एका रुग्णासाठी तज्ज्ञांचे कित्येक तास, घरभेटी आणि बाजारातील एक फेरी, इतके करून तक्त्यात दाखवण्याजोगे थोडेच हाती लागते, हे हिशेबनीस म्हणून आम्हांस ठाऊक आहे. शस्त्रक्रियेचा आकडा देणगीदारांस चटकन समजतो, हा नाही. तरीही यापुढे ‘सुधारणा संभवत नाही’ हा शेरा पडलेला प्रत्येक केसपेपर दप्तरात न जाता व्यवसायोपचार विभागात जाईल आणि किती जणांना आपले ठरवलेले काम पुन्हा करता आले, याचा स्वतंत्र रकाना अहवालात राहील, असा आमचा संकल्प आहे. तो रकाना सुरुवातीस लहान दिसेल. आपण तो समजून घ्यावा, ही विनंती.

मान वळवणारे दिवे, पायांवरची भिंगे, गडद रंगाची ताटे यांसारख्या वस्तू रुग्णास काही दिवस घरी वापरून पाहण्यासाठी देता याव्यात, असा संच आम्हांस उभारावयाचा आहे. ज्यांना वस्तुरूपाने साहाय्य करणे शक्य आहे त्यांनी अवश्य करावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आपल्या घरातील, वाड्यातील, सोसायटीतील अशा एखाद्या ज्येष्ठास, “तुम्हांला काय करता यायला हवे आहे?” एवढे विचारावे आणि उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.